टाकाऊ कच आणि भीमेची वाळू

खडी क्रशरच्या आवारात डोकावलात तर तीन-चार ढीग दिसतात. मोठी खडी, मधली खडी, बारीक खडी, आणि सगळ्यात कडेला राखाडी भुकटीचा एक ढीग. या भुकटीला आमच्याकडे कच म्हणतात. आम्ही शाळेत होतो तेव्हा या ढिगाला फारशी किंमत नव्हती. पावसाळ्यात गोठ्यापुढचा चिखल मोडायला किंवा फरशीखाली पसरायला चार घमेली लागली तर लोक घेऊन यायचे. बाकी ढीग वाऱ्यावर उडायचा आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या शिव्या खायचा.

आज तीच कच ब्रासच्या भावाने विकली जाते. धुऊन, चाळून, दाण्याला जरा गोलाई आणून तिला 'क्रश सँड' असं साहेबी नाव मिळालंय. आणि ज्या नदीच्या वाळूपुढे ती कचरा ठरत होती, ती वाळू आता कोर्टकचेऱ्यांचा, तहसीलदारांच्या रात्रीच्या धाडींचा आणि हाणामाऱ्यांचा विषय झालीय. टाकाऊ आणि टिकाऊ यांनी आमच्या हयातीतच जागा बदलल्या. हे कसं झालं, आणि आधी कधी असं झालं होतं का, याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. शिवाय त्यात एक घरगुती कारणही आहे, ते पुढे येईल. भावंडांनो, शेवटपर्यंत वाचा :-)

आधी एक साधी गोष्ट. काँक्रीट म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे सिमेंट येतं. पण गवंड्याचं जुनं माप आठवा: एक पाटी सिमेंट, दीड पाटी वाळू, तीन पाट्या खडी. म्हणजे साडेपाच पाट्यांतल्या साडेचार पाट्या नुसत्या दगडाच्या, बारीक नाहीतर जाड. सिमेंट हा गोंद झाला, अंग दगडाचं. तयार काँक्रीटच्या आकारमानाचा साधारण सत्तर ते पंचाहत्तर टक्के भाग वाळू-खडीच असते. त्यामुळे 'काँक्रीटमध्ये दगडाऐवजी दुसरं काय चालेल' हा प्रश्न चवीपुरत्या मिठाचा नाही, भाताऐवजी काय खायचं असा आहे.

आता भीमेची वाळू. भीमाशंकरच्या डोंगरात भीमा उगम पावते. घोड नदी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहुप्याच्या बाजूने येते. कुकडी नाणेघाटाजवळ, पूरच्या कुकडेश्वराच्या देवळापाशी सुरू होते. या नद्या पूर्वेला जाऊन एकमेकींत मिसळत शेवटी भीमेच्याच होतात. पुण्याच्या बांधकामांना कितीतरी वर्षं वाळू पुरवली ती या खोऱ्याने, शिरूर-दौंडच्या अंगाने.

पण गंमत अशी की हा प्रदेश मुळात वाळूचा नाहीच. चांगली वाळू म्हणजे बहुतेक करून क्वार्ट्झ, आणि तो येतो ग्रॅनाइटसारख्या दगडांतून. भंडाऱ्याकडच्या वैनगंगेची वाळू नावाजलेली आहे ती म्हणून. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा, म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. त्यात क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. हा दगड कुजला की त्याची वाळू होत नाही, माती होते. आपली काळी जमीन तीच. नदीत जी वाळू सापडते त्यात दगडाची कणी, गारगोटीचे तुकडे आणि चुनखडीचे खडे असं मिश्रण असतं, आणि ते साचायला भयंकर वेळ लागतो.

किती वेळ, याचा अंदाज हवा असेल तर निघोजला जाऊन या. कुकडीच्या पात्रात तिथे रांजणखळगे आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे हजारो वर्षं गोल गोल फिरून त्यांनी काळ्या पाषाणात रांजणासारखे खड्डे पाडले. सगळे पर्यटक खड्ड्यांचे फोटो काढतात. मला तिथे दरवेळी वाटतं की हा नदीचा खडी क्रशर आहे. तिथून निघालेली कच हीच आपली वाळू. क्रशरवाला जे दुपारपर्यंत करतो त्याला नदीने किती पिढ्या घेतल्या ते त्या रांजणांत लिहिलेलं आहे. ती वाळू आपण चाळीस-पन्नास वर्षांत उपसली.

मग वाळूआधी काय होतं? जुन्नर हे काही कालचं गाव नाही. सातवाहनांच्या काळापासूनची लेणी आहेत, शिवनेरी आहे, १४९० मध्ये अहमदनगर वसण्याआधी मलिक अहमदने निजामशाही सुरू केली ती इथूनच. हे सगळं सिमेंटशिवाय उभं राहिलं. लेण्यांना तर काहीच लागलं नाही, नुसता दगड उणे केला. पण गडावरच्या इमारती, टाक्यांचे गिलावे, घुमट, नंतरच्या काळातली देवळं यांना चुना लागला. आणि चुन्याच्या कामात टाकाऊ वस्तूंना मानाचं पान होतं.

चुना यायचा तो याच नद्यांच्या काठच्या चुनखडीच्या खड्यांतून. भट्टीत भाजायचा, विझवायचा आणि घाणीत मळायचा. गोल दगडी पन्हळ आणि त्यात बैलाने फिरवायचं दगडी चाक अशी चुन्याची घाणी अनेक किल्ल्यांवर अजून बघायला मिळते. या चुन्यात वाळूबरोबर, कधी वाळूऐवजी, घालायचे सुरखी. सुरखी म्हणजे विटांची पूड. फुटक्या विटा, कच्च्या राहिलेल्या विटा, कौलांचे तुकडे, जे भट्टीवाल्याच्या दृष्टीने नुकसान, ते कुटून चाळून घ्यायचं. पण ही नुसती काटकसर नव्हती. बेताच्या आचेवर भाजलेल्या मातीत असा गुण येतो की ती चुन्याशी संयोग पावते आणि माल पाण्याखालीसुद्धा घट्ट होतो. साधा चुना हवेत वाळतो, ओलीत राहिला तर ढिला पडतो. म्हणून हौद, टाकी, पायखड्डे, घुमटाची पाठ अशा ओलीच्या जागी सुरखी आलीच. टाकाऊ पदार्थ स्वस्त म्हणून नव्हे, सरस म्हणून वापरला जायचा.

हे एकट्या आपलं शहाणपण नाही. दोन हजार वर्षांपूर्वी विट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने लिहून ठेवलंय की नदीची किंवा समुद्राची वाळू असेल तर तिच्यात एक तृतीयांश भाजक्या विटांची पूड चाळून घाला, माल चांगला होतो. म्हणजे सुरखीच! रोममधल्या पॅन्थिऑनचा घुमट, साधारण इसवी सन १२५ च्या सुमाराचा, ४३ मीटर व्यासाचा आणि आत लोखंडाची एक सळई नाही. त्यात खालच्या थरात जड दगड, मग दगड-विटांचे तुकडे, आणि सगळ्यात वर ज्वालामुखीचा सच्छिद्र हलका दगड असा माल बदलत नेला आहे. कुठल्या जागी कोणता तुकडा चालेल याचा इतका विचार आजही सगळेच करतात असं नाही.

चुन्यात काय काय घालायचे याच्या कथा आपण ऐकलेल्या असतात. गूळ, बेलफळ, उडीद. दक्षिणेत हिरड्याचं पाणी घालत. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण हिरडा म्हणजे आमच्या भीमाशंकरच्या रानाचं पीक. महादेव कोळी कुटुंबं पिढ्यानपिढ्या बाळहिरडा गोळा करून विकत आली, त्यावर त्यांचं मीठ-मिरची चालतं. तो औषधात जातो, कातडी कमावायला जातो, रंगात जातो हे माहीत होतं. तमिळ देशीच्या देवळांच्या भिंतीतही तो गेलाय हे माहीत नव्हतं.

आणि जुन्नरबद्दल बोलतोच आहोत तर जुन्नरी कागदही आठवला पाहिजे. जुन्या गोणपाटाचा आणि चिंध्यांचा लगदा करून इथले कागदी तो बनवायचे. टाकून दिलेल्या गोष्टीवर दप्तर लिहिणारं गाव आहे हे. असो, मुद्द्यावर येतो.

सुरखीचं राज्य अगदी परवापरवापर्यंत होतं. मुल्लपेरियार धरण, १८८७ ते १८९५, चुना-सुरखीच्या काँक्रीटचं आहे. म्हैसूरचं कृष्णराजसागर, ज्याचं काम १९११ मध्ये सुरू झालं आणि ज्याच्याशी विश्वेश्वरय्यांचं नाव जोडलेलं आहे, ते सुरखीच्या मालात बांधलं. तोवर भारतात सिमेंट जेमतेम तयार होऊ लागलं होतं. पोरबंदरचा कारखाना १९१४ चा. म्हणजे नदीची वाळू, काळी खडी आणि पोर्टलंड सिमेंट हे जे आपल्याला 'ओरिजिनल' काँक्रीट वाटतं, त्याचं वय आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षं. त्याला जे 'पर्याय' म्हणून आज सेमिनारं भरतात, ते त्याच्या पणजोबांच्या वयाचे आहेत.

याच रोपट्याची एक फांदी आपल्या घरांच्या डोक्यावर अजून आहे. गच्चीचा कोबा! पुण्या-मुंबईकडच्या पद्धतीत स्लॅबवर विटांचे तुकडे मालात बसवून, पाण्याला उतार देऊन वर सिमेंटचा गुळगुळीत हात मारतात. 'ब्रिकबॅट कोबा' म्हणून तो अंदाजपत्रकात येतो. त्याआधीच्या काळात तो चुन्यात असायचा आणि बायका ओळीने बसून लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस चोपायच्या. विटांचा तुकडा हलका, जरा पाणी पिऊन घेणारा, उन्हाला आडवा येणारा. चुन्याच्या काँक्रीटसाठी विटांचे तुकडे कसे असावेत याचं एक भारतीय मानकसुद्धा आहे, आयएस ३०६८. बंगालात आणि बांगलादेशात तर दगडच नाही, त्यामुळे तिथे विटा फोडून खोवा करतात आणि तो खडी म्हणून आरसीसीत सर्रास घालतात. खास खडीसाठी विटा भाजायच्या आणि मग फोडायच्या! काळ्या पाषाणावर बसलेल्या आपल्याला ते वेड्यासारखं वाटतं. पण दगड फुकट असतो ही आपली समजूत आहे, सगळ्या जगाची नाही.

आता धरणांकडे येतो, कारण आमच्या दोन्ही तालुक्यांचा विसाव्या शतकातला इतिहास धरणांचाच आहे. कुकडी प्रकल्प म्हणजे येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलंय. ते आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगावच या पाण्याखाली गेलं. तालुका आंबेगाव, कचेरी घोडेगावात, आणि आंबेगाव तळ्यात. बाहेरच्या माणसाला हे समजावताना दरवेळी पंचाईत होते. कडक उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुनी देवळं आणि घरांची जोती वर येतात. माणसं जाऊन आपलं जोतं शोधतात.

धरणांबद्दल एक गोष्ट फार बोलली जात नाही. धरण बांधताना वाळू लागते, हे एक. पण धरण बांधून झालं की ते वाळू अडवतं, हे दुसरं आणि मोठं. नदी जे गोटे आणि रेती पुराबरोबर खाली नेते ती जलाशयाच्या शेपटाशी बसते. खालच्या पात्राला पाणी सुटतं, रेती नाही. म्हणजे भीमा-घोडच्या खोऱ्यात वाळूचा खप जेव्हा सर्वांत वाढला, त्याच दशकांत वरून येणारी नवी वाळू कमी झाली. मुळात वाळू कमी देणारा दगड, वरून धरणं, खालून पुणं. हिशोब कुठे जुळणार होता?

(इथे एक आडवाट. आपल्या जवळच, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यातलं घाटघर. नाणेघाटाजवळचं जुन्नरचं घाटघर वेगळं. अकोल्यातल्या या घाटघरला २००८ मध्ये सुरू झालेल्या वीजप्रकल्पाची दोन धरणं आहेत. रोलरने दाबून केलेल्या काँक्रीटची ही देशातली पहिली धरणं, आणि त्यांत सिमेंटपेक्षा औष्णिक वीजकेंद्राची राख जास्त आहे. राख तिथे दगडाऐवजी नाही, सिमेंटच्या काही भागाऐवजी आहे, म्हणून ती आपल्या विषयाची चुलत बहीण. पण राखेचा गुण तोच, सुरखीचा. गंमत म्हणजे जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. तो सुमात्रातल्या टोबाच्या ७५,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा की त्याहून कितीतरी जुना, यावर अभ्यासकांचं भांडण झालेलं आहे. रोमनांनी असल्याच राखेवर साम्राज्याची बंदरं बांधली. आमच्याकडे ती हातभर थराने आली आणि संशोधकांच्या पोटापाण्याची सोय झाली!)

वाळूचं पुढचं तुम्हाला पेपरांतून ठाऊकच आहे. नद्यांतून वाळूऐवजी खड्डे दिसायला लागले, विहिरी आटल्या, पुलांचे पाये उघडे पडले. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा छोट्या खाणपट्ट्यालाही पर्यावरण परवानगी हवी. ऑगस्ट २०१३ मध्ये हरित लवादाने परवानगीशिवायचा वाळूउपसा देशभर थांबवायला सांगितलं. उपसा थांबला असं नाही. भाव मात्र वाढला, आणि भाव वाढल्यावर कचेच्या ढिगाकडे लोकांचं लक्ष गेलं.

कचेला सुरुवातीला सगळे नाकं मुरडायचे, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. क्रशरच्या जबड्यातून निघालेला कण टोकदार आणि चपटा असतो, तो मालाला घट्ट करतो, थापी सरकत नाही. त्यात पिठासारखी धूळ जास्त, म्हणून पाणी जास्त लागतं. पाणी वाढलं की ताकद घटते. गवंडी म्हणायचे, "हिच्यात जीव नाही." मग कण एकमेकांवर आपटून गोल करणारी यंत्रं आली, धुण्याची सोय आली, आणि जीव आला. आज पुण्याकडच्या रेडीमिक्स काँक्रीटमध्ये बहुतेक हीच असते. गवंड्यांची नवी पिढी नदीच्या वाळूला नावं ठेवते, तिच्यात माती असते म्हणून.

सरकारी कागदाला हे मानायला किती वेळ लागला तेही बघण्यासारखं आहे. वाळू-खडीचं भारतीय मानक म्हणजे आयएस ३८३. त्याच्या १९७० च्या आवृत्तीच्या नावातच 'नैसर्गिक स्रोतांपासून मिळणारी' असे शब्द होते. दगड फोडून केलेली वाळू त्यात बसत होती, कारण दगड नैसर्गिक. पण पाडलेल्या इमारतीचं काँक्रीट, भट्टीची मळी, वीजकेंद्राची जाड राख यांना दारातून आत येता येत नव्हतं. २०१६ च्या आवृत्तीत ते 'नैसर्गिक स्रोत' नावातून गेले. लोखंड, पोलाद आणि तांब्याच्या भट्ट्यांची मळी आली, जुन्या काँक्रीटची खडी आली. जुन्या काँक्रीटची खडी लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये एम-२५ पर्यंतच्या प्रतीला वीस टक्के चालेल, साध्या काँक्रीटला पंचवीस, आणि पायाखालच्या हलक्या प्रतीच्या थराला शंभर टक्के. एका शीर्षकातून दोन शब्द जायला सेहेचाळीस वर्षं.

खरं तर तोवर दुसरीकडे हा प्रयोग अख्ख्या देशाने करून झाला होता. १९४५ मध्ये जर्मनीची शहरं विटांचे ढिगारे होऊन पडली होती. सगळ्या देशात मिळून चाळीस कोटी घनमीटरांच्या आसपास राडारोडा होता असा अंदाज आहे. बायका रांगा लावून हाताने विटा साफ करत होत्या. सबंध विटा परत भिंतीत गेल्या, फुटक्या भरडून खडी म्हणून काँक्रीटमध्ये गेल्या. विटांच्या चुऱ्याच्या काँक्रीटचं स्वतंत्र जर्मन मानक १९५१ मध्ये निघालंसुद्धा. उरलेल्याचे डोंगर केले. बर्लिनमध्ये एक टेकडी आहे, लोक तिथे फिरायला जातात, ती खालून जुनं बर्लिन आहे. गरज पडली की टाकाऊ हा शब्द पाच-सहा वर्षांत शब्दकोशातून जातो.

आता मला जे खुपतं ते सांगतो. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचं धोरण मंजूर केलं. क्रशरवाल्यांना स्वामित्वधनात सवलत दिली, ब्रासला ६०० रुपयांऐवजी २००. नदी वाचावी हा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण शब्दांचा घोळ होतोय. कच ही टाकाऊ वस्तू होती तोवर ती वापरणं म्हणजे बचत होती. खडी निघते तिच्या बरोबर कच निघतेच, ती वापरली तर जादा दगड फोडावा लागत नाही. आता मात्र वाळूसाठीच म्हणून अख्खा दगड फोडून पीठ करायचं, ही बचत नाही. नदीऐवजी डोंगर, एवढाच फरक. नाव तेच राहिलं, 'पर्याय'.

आणि डोंगर म्हटल्यावर आंबेगाव तालुक्यातला माणूस जरा थांबतो. ३० जुलै २०१४ ला सकाळी माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसांसकट. तिथे दगडखाण नव्हती. अतोनात पाऊस होता, उतार होता, आणि उतारावर काय काय केलं गेलं यावर अजून वाद घालता येतील. मला फक्त एवढंच म्हणायचंय की डोंगर म्हणजे नुसता दगडाचा साठा असं समजून आमच्याकडे कोणी बोलायला लागला की बोलणं पुढे जात नाही. भीमाशंकर अभयारण्य १९८५ पासून आहे, शेकरूच्या निमित्ताने का होईना तेवढा भाग वाचला. पण दगड फोडणारे अभयारण्याच्या हद्दीपर्यंतच विचार करतात आणि पाणी, माती, उतार हद्द पाळत नाहीत.

मग खरा पर्याय कुठला? जो दगड एकदा डोंगरातून निघालेला आहे तोच. पुण्यात जुन्या सोसायट्या पाडून टॉवर होताहेत. पाडलेल्या घराचं काँक्रीट म्हणजे कोणाच्या तरी डोंगराची खडी आणि भीमेची वाळूच आहे, फक्त एकमेकांना चिकटलेली. २०१६ मध्ये राडारोड्याचे स्वतंत्र नियम आले, २०२५ मध्ये त्यांची नवी, कडक आवृत्ती निघाली, ती एप्रिल २०२६ पासून लागू. पुणे महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीला झाला. वाघोली! निम्म्या पुण्याची खडी जिथून गेली ते खाणींचं गाव. दगड तिथून निघाला, शहरात पन्नास वर्षं राहिला आणि परत तिथेच आला. पण बराचसा राडारोडा अजून नदीकाठी आणि ओढ्यांतच पडतो, हे डोळ्यांनी दिसतं. ज्या नदीतून वाळू काढली तिच्यातच तिचं काँक्रीट करून टाकायचं.

अडचणी खऱ्या आहेत, नाही असं नाही. जुन्या खडीला जुना माल चिकटलेला असतो, तो पाणी शोषतो, म्हणून खडी आधी भिजवून घ्यावी लागते. विटेचा तुकडा मऊ असतो. सगळ्यात वाईट म्हणजे पीओपी. ते मिसळलं तर त्यातला जिप्सम सिमेंटला आतून फुगवून फोडतो. लाकूड, प्लॅस्टिक, काच वेगळी काढायची तर पाडतानाच सावकाश पाडायला हवं, आणि जेसीबीचं भाडं तर तासावर असतं.

इथे ते घरगुती कारण. आपला घोडेगावचा वाडा पाडायचं ठरलं आहे हे भावंडांना माहीत आहे, बाकीच्यांना आता कळलं. ठेकेदाराने दिलेल्या अंदाजात एक ओळ आहे: 'राडारोडा हलवणे'. कुठे हलवणे, विचारलं तर म्हणाला, "ओढ्याकडेला, दादा, सगळे तिथंच टाकतात." मला ती ओळ मान्य नाही. म्हणून गेल्या महिन्यात वही घेऊन वाड्यात फिरलो आणि मोजलं.

आपल्या वाड्यात काँक्रीट फक्त मागच्या बाजूला आहे, काकांनी १९८२ मध्ये वाढवलेल्या दोन खोल्या आणि त्यावरची गच्ची. बाकी सगळं जुनं: जोत्याला घडीव काळा दगड, वर विटा, भिंतीत आणि माळवदावर पांढरी माती. जोत्याचा दगड फोडायचा नाही. तो नव्या जोत्याला लावायचा, उरेल तो अंगणाच्या बांधाला. विटा चपट्या आहेत आणि मातीच्या मालात आहेत, म्हणजे हाताने सुटतील; सिमेंटमध्ये असत्या तर फुटल्या असत्या. जुन्या कारागिरांच्या कच्च्या मालाचा हा फायदा, त्यांनी घर परत सोडवता येईल असं बांधलं. सबंध विटा कंपाउंडला. फुटक्या विटांचा नव्या गच्चीवर कोबा, त्यासाठी नव्या विटा आणून फोडायची गरज नाही. पांढरी माती शेतात, आत्या म्हणते भुईमुगाला चांगली. सागाचे खांब कुणाला हवेत यावर भांडण होणारच आहे, ते फोनवर करू.

राहिल्या मागच्या दोन खोल्या. स्लॅब आणि कॉलम मिळून माझ्या हिशोबाने चार ब्रासच्या आसपास काँक्रीट निघेल. हे हातोड्याने फोडून, सळ्या भंगारात देऊन, तुकडे नव्या घराच्या फरशीखालच्या भरावात आणि त्यावरच्या पीसीसीत घालायचे. तिथे मानकाप्रमाणे शंभर टक्के चालतात. कॉलम-बीम-स्लॅबमध्ये मी घालायला सांगत नाही. छोट्या कामात प्रत वेगळी तपासून घ्यायची सोय नसते, आणि घर माणसांचं आहे, प्रयोगशाळा नाही. छताला मागच्या वेळी पीओपी केलं होतं तेवढं आधी खरवडून वेगळं बांधून ठेवायचं.

फोडायला वडारवाडीतली चार माणसं आठ दिवस मागतात. ठेकेदार म्हणतो जेसीबीने एका दिवसात होईल. फरकाचे पैसे मी हिशोबात धरले आहेत, आणि वाचणारा मुरूम, खडी, विटा त्यातून वजा केल्या तर आकडा फार मोठा राहत नाही. कागद सगळ्यांना मेल करतोय. अक्षय्य तृतीयेच्या आत काम सुरू करायचं असेल तर हो-नाही या आठवड्यात कळवा. आणि गच्चीच्या कोब्यात ज्यांना आपल्या हाताने एकेक वीट बसवायची असेल त्यांनी सुट्ट्या तशा काढा. लाकडी थाप्या दोन सापडल्यात माळ्यावर, बाकीच्या करून घेऊ.